छोट्या ऑफिससाठी आयएसडीएन घ्यायचंय, बडोद्यात कोणी लावलंय का? (२००१ सालचा धागा)

रेषा_माप

नमस्कार मंडळी,
दांडिया बाजारात आमचं छोटं ड्रॉइंग ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, काम प्रेशर व्हेसल आणि हीट एक्स्चेंजरच्या फॅब्रिकेशन ड्रॉइंगचं, पार्ट्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, काही पुण्याच्या आणि एक जर्मनीतली. आत्तापर्यंत ५६ के मोडेमवर भागत होतं, पण आता ऑटोकॅडची फाइल झिप करूनसुद्धा ८-१० एमबीची होते, पाठवायला बसलं की पाऊण तास जातो, मध्येच लाइन तुटली की मेल परत पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ ऑफिसचा फोन एंगेज, पार्टी तिकडून फोन लावून लावून वैतागते. मोडेम एकाच मशीनला आहे त्यामुळे बाकीचे सगळे आपापली फाइल घेऊन त्या एका खुर्चीमागे उभे.

आयएसडीएन, म्हणजे फोनच्याच तारेवरची डिजिटल लाइन, घ्या असं दोघातिघांनी सांगितलं. माझी शंका अशी की मोडेमच्या ५६ आणि आयएसडीएनच्या ६४ केबीपीएस वेगात असा काय मोठा फरक पडणार? सहाही मशीनवर एकदम नेट मिळेल का? काय काय विकत घ्यावं लागतं आणि बिल आटोक्यात कसं ठेवायचं? जानेवारीत जर्मनीवाल्यांचं मोठं काम चालू होतंय, त्याच्या आत हे लागायला पाहिजे. ज्यांनी स्वतः लावलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

अलकापुरी_२

आयएसडीएन कशाला, केबलवाल्याकडून घ्या ना. आमच्या सोसायटीत दिलंय, महिन्याचे ठरलेले पैसे, फोनचं बिल नाही, रात्री तर मस्त पळतं.

जमाखर्च

अलकापुरी, घरी ठीक आहे हो, पण ऑफिसला मी तरी सांगणार नाही. रावपुऱ्यात आमचं सीएचं ऑफिस आहे, आम्ही केबलचं घेऊन बघितलं होतं. एकच केबल अख्ख्या गल्लीत वाटलेली असते, त्यामुळे सकाळी अकराला सगळी दुकानं उघडली की आपल्या वाट्याला काय उरेल ते नशीब. आणि ती केबल जाते गच्च्यांवरून. उत्तरायणात दोन दिवस सगळं बडोदं गच्चीवर असतं, कोणाचा तरी पाय अडकतो, मांजा ओढताना वायर ओढली जाते, आणि मग केबलवाल्याचा मुलगा यायला चार दिवस. ह्यांचं काम जानेवारीतच आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

आम्ही नंतर आयएसडीएन घेतलं, समाधान आहे. पण आमचं काम टॅलीचा डेटा पाठवण्यापुरतं, त्यामुळे मोठ्या फाइलींचं मी सांगू शकत नाही. तारखांब काका बघतील तर लिहितीलच.

तारखांब

लिहितो ताई. टेलिफोन खात्यात नोकरी झाली माझी, आता रिटायर आहे. (खात्याचं १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल झालं पण तोंडात खातंच येतं.)

रेषा_माप, आधी तुमचा ५६ आणि ६४ चा प्रश्न, कारण तुमच्या धंद्याला सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मोडेमवर लिहिलेलं ५६ हे फक्त उतरवून घ्यायच्या बाजूला असतं, तेही लाइन एकदम स्वच्छ असेल तर. व्ही.९० मोडेम पाठवताना जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएसनेच पाठवतो, कारण तुमच्याकडून एक्स्चेंजपर्यंत तो आवाजाच्या रूपात जातो आणि एक्स्चेंजात त्याचे परत आकडे केले जातात. आणि तुम्ही तर पाठवणारे लोक! १० एमबीची फाइल ३३.६ ने लाइन कुठेही न अडखळता गेली तरी ४० मिनिटं. आयएसडीएनमध्ये तुमच्या टेबलापासूनच आकडे जातात, ६४ म्हणजे जाताना ६४ आणि येतानाही ६४. तीच फाइल एका चॅनेलवर २१-२२ मिनिटांत, दोन्ही चॅनेल जोडून १२८ केले तर अकरा मिनिटांच्या आसपास. मेलमध्ये अटॅचमेंट जाताना फुगते, साधारण एक तृतीयांशाने, तेवढं यात वरती धरा, मोडेमलाही आणि ह्यालाही.

आता तुम्हाला काय मिळतं ते. साधं कनेक्शन म्हणजे बीआरआय. तीच जुनी तांब्याची एक जोडी, पण तिच्यावर ६४ चे दोन बी चॅनेल आणि १६ चा एक डी चॅनेल. डी वरून फक्त निरोप जातात, कोणाला लावायचा, कोण लावतंय, कॉल तोडा, असे. बी वरून तुमचं बोलणं किंवा डेटा. म्हणून एका चॅनेलवर नेट चालू असताना दुसऱ्यावर फोन येऊ शकतो, तुमची एंगेजची कटकट तिथेच मिटते. आणि मोडेमसारखी किर्र किर्र करत अर्धा मिनिट ओळखपाळख नसते, एक-दोन सेकंदांत कॉल लागतो. हे एक-दोन सेकंद लक्षात ठेवा, बिलाचं सगळं गणित तिथेच आहे, त्यावर नंतर लिहितो.

पण पैसे भरायच्या आधी लाइन तपासून घ्या. दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तुमचा नंबर ज्या एक्स्चेंजवर आहे तिथे आयएसडीएनची सोय आहे का. एक्स्चेंज डिजिटल आहे एवढ्यावर जाऊ नका, पहिल्या पिढीतल्या डिजिटल एक्स्चेंजांवर ही सोय नव्हती, ओसीबी-२८३ किंवा ईडब्ल्यूएसडी जातीचं एक्स्चेंज असेल तर होतं. दुसरी, जोडी कशी आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत मी स्वतः फिरलोय, डीपीपासून (खात्याच्या जोडण्यांच्या खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डब्यापासून) आत येणारी ड्रॉप वायर तीन ठिकाणी पिळून जोडलेली असते, वर नुसती टेप, पावसाळ्यात तिथे पाणी जातं, तांबं हिरवं पडतं. बोलायला चालतं, जरा खरखर झाली तर माणूस "हॅलो हॅलो" करून भागवतो. आयएसडीएनला नाही भागत. सिग्नल दर सेकंदाला ८० हजार वेळा बदलतो, खराब जोडावर त्याची लय सुटली की कनेक्शन पडलंच. लाइनमनला सांगा की डीपीपासून एनटीपर्यंत नवीन अखंड वायर टाका, मध्ये एकही जोड नको, आणि त्याच जोडीवर आधीचं कोणी पॅरलल एक्स्टेन्शन काढून ठेवलं असेल तर ते पूर्ण काढून टाका. लोंबकळत राहिलेली तार नुसती असली तरी त्रास देते. हे एवढं नीट झालं तर पुढची निम्मी दुखणी होतच नाहीत.

रेषा_माप

काका, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. ३३.६ चं तर माहीतच नव्हतं, मोडेमच्या खोक्यावर तर मोठ्या अक्षरात ५६. आमची वायर तुम्ही म्हणता तशीच आहे, जिन्यातून खिडकीतून आत आणि मध्ये दोन ठिकाणी काळी टेप.

एनटी म्हणजे काय? आणि माझा मेहुणा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय, तिकडे आयएसडीएन राउटर स्वस्त मिळतो म्हणाला, मागवू का?

लाल_बाग_इंदूर

नका मागवू भाऊ! मी इंदूरचा, आमच्याकडे एका ओळखीच्याने हेच केलं आणि तो डबा अजून कपाटात पडलाय. अमेरिकेत एनटी ग्राहकाचा असतो म्हणून तिकडच्या बऱ्याच राउटरांत तो आतच बसवलेला असतो, त्याला यू इंटरफेस म्हणतात. आपल्याकडे एनटी-वनचा डबा खातं देतं, भिंतीवर बसवतं, आपल्याला त्याच्या पुढचा एस/टी इंटरफेसवाला राउटर लागतो. परत तिकडचा राउटर एसपीआयडी नंबर (तिकडच्या लाइनचा ओळख नंबर) मागतो, तो आपल्या एक्स्चेंजात नसतोच, लोक खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारत बसतात. आपल्याकडे युरोपातलं, ईटीएसआयचं स्टँडर्ड चालतं. राउटरच्या सेटिंगमध्ये युरो-आयएसडीएन किंवा नेट-३ असं दिसलं पाहिजे, सिस्को असेल तर बेसिक-नेट३. हे इथल्या दुकानात उघडून दाखवायला सांगा आणि मगच घ्या.

तारखांब

इंदूरवाल्यांनी बरोबर सांगितलं. एनटी-वन म्हणजे तो डबा, एका बाजूला खात्याची दोन तारांची जोडी येते, दुसऱ्या बाजूला तुमच्यासाठी चार तारा, आरजे-४५ च्या सॉकेटात. त्यावरचा हिरवा दिवा स्थिर म्हणजे एक्स्चेंजशी लय जुळली, लुकलुकतोय म्हणजे अजून जुळतेय किंवा लाइन खराब. लाइनमन जायच्या आधी तो दिवा दहा मिनिटं स्थिर राहतो का ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. एनटी प्लस मिळाला तर तोच घ्या, त्याला साध्या फोनचे दोन सॉकेट असतात, तुमचा जुना फोन आणि फॅक्स तिथेच लागतात, नवीन काही घ्यायला नको.

एक सांभाळा, त्या आरजे-४५ मध्ये आणि तुमच्या हबच्या (कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या डब्याच्या) आरजे-४५ मध्ये दिसायला काहीच फरक नाही. आयएसडीएनची तार ३-४-५-६ ह्या पिनांवर चालते. वायरीला रंगीत टेप लावून ठेवा नाहीतर झाडलोट करताना कोणीतरी चुकीच्या भोकात घालतं आणि मग सगळे राउटरला दोष देतात.

आणि एनटीला यूपीएस द्या. साध्या फोनला वीज एक्स्चेंजातून येते त्यामुळे लाइट गेली तरी चालतो, एनटीवर लावलेला फोन लाइट गेल्यावर चालेलच असं नाही. एक साधी जुनी लाइन ऑफिसात राहू द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

हबवाला

नेटवर्किंगचं काम करतो, मकरपुऱ्यात बऱ्याच ठिकाणी लावलंय, थोडी भर घालतो.

सहा मशीनसाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एका कॉम्प्युटरमध्ये आयएसडीएनचं पीसीआय कार्ड टाकायचं आणि त्यावर विनगेट किंवा विंडोज ९८ सेकंड एडिशनचं कनेक्शन शेअरिंग चालवायचं. स्वस्त पडतं. पण ते मशीन दिवसभर चालू पाहिजे, आणि ड्रॉइंगच्या ऑफिसात त्याच मशीनवर कोणीतरी ऑटोकॅड चालवणार, ते हँग झालं की सगळ्यांचं नेट गेलं. दुसरा म्हणजे छोटा आयएसडीएन राउटर, एका बाजूला एनटी, दुसऱ्या बाजूला हब, आतल्या मशीनांना १९२.१६८ चे पत्ते तोच वाटतो. सहा मशीन असतील तर मी राउटरच सांगतो, पैसे जास्त गेले तरी. बाहेरून आत कोणाला सरळ येता येत नाही हाही फायदा, सप्टेंबरात निमडा व्हायरसने काय धुमाकूळ घातला ते सगळ्यांनी बघितलंच.

आयएसपीकडे (नेट देणाऱ्या कंपनीकडे) आयएसडीएनचं खातं वेगळं मागा, आणि दोनच प्रश्न विचारा. तुमच्या नंबरवर डिजिटल कॉल लागतो का? आणि मल्टिलिंक पीपीपी आहे का? मल्टिलिंक नसेल तर दोन चॅनेल जोडून १२८ होत नाही, एका चॅनेलवरच बसावं लागतं. काहीजण ह्याचे वेगळे पैसे घेतात, काहीजण एका खात्याचे तास दुपटीने मोजतात, ते लेखी घ्या.

अलकापुरी_२

मग बिल? १२८ वर चालवलं की दोन फोनचं बिल येणार ना?

तारखांब

येणारच. दोन चॅनेल म्हणजे दोन कॉल, मीटर दोन्ही मोजतं. आता बिलाचं लिहितो.

समजा तुमच्या नंबरचा पल्स, म्हणजे एका कॉलच्या पैशात मिळणारा वेळ, ३ मिनिटांचा आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा लाइन सलग चालू राहिली तर ४८० मिनिटं, १६० कॉल. दोन्ही चॅनेल असतील तर ३२०. रोजचे! कोणाही छोट्या ऑफिसला हे झेपायचं नाही आणि गरजही नाही. आयएसडीएनचा खरा फायदा असा की कॉल एक-दोन सेकंदांत लागतो, म्हणून लाइन धरून ठेवायची गरजच पडत नाही, काम असेल तेव्हा राउटर स्वतः लावतो, काम संपलं की सोडतो. समोरच्या माणसाला कळतही नाही.

पण त्याचीच दुसरी बाजू अशी की त्याने कधी लावला हेही कळत नाही. मोडेम होता तेव्हा आवाज यायचा, एक माणूस डायलवर क्लिक करायचा, बिल का आलं ते सगळ्यांना माहीत असायचं. राउटर गुपचूप लावतो. म्हणून वेगाची चिंता कमी करा आणि ऑफिसात कोणकोणत्या गोष्टीला फोन लावायची परवानगी द्यायची ते आधी ठरवा. आउटलुक एक्सप्रेस दर पाच मिनिटांनी मेल बघायला ठेवलंत तर आठ तासांत ९६ वेळा बघणार, मेल आलेली असो नसो. सहा मशीनवर सहा वेगवेगळ्या वेळांना बघायला ठेवलंत तर लाइन कधी पडणारच नाही. एकाच मशीनवर मेल उतरवा आणि तिथून आत वाटा, अर्ध्या तासाने एकदा बघितली तरी ड्रॉइंगच्या धंद्यात काही बिघडत नाही, महत्त्वाचं असेल तर पार्टी फोन करतेच.

हबवाला

काकांच्या ह्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. त्यात आयडल टाइमआउटचं सांगतो, म्हणजे काम नसताना राउटरने किती वेळाने लाइन सोडायची ते. नवीन लोक तो ३० सेकंद ठेवतात, वाटतं लवकर सुटला की पैसे वाचले. पल्स ३ मिनिटांचा असेल तर तीस सेकंदांत सोडलं काय नि अडीच मिनिटांनी सोडलं काय, पैसे एकाच कॉलचे, उलट मिनिटाभराने कोणीतरी परत पान उघडलं की नवीन कॉल. आणि दहा मिनिटं ठेवला तर प्रत्येक वेळी शेवटचे तीन-चार कॉल रिकामे जातात. मी पल्सपेक्षा थोडा कमी ठेवतो. अचूक बसत नाही कारण टाइमआउट शेवटच्या पॅकेटपासून मोजतात आणि पल्स कॉल लागल्यापासून, पण महिन्याच्या बिलात फरक दिसतो.

दुसरा चॅनेल कायम जोडून ठेवू नका, राउटरमध्ये बँडविड्थ ऑन डिमांड असतं, पहिला चॅनेल अमुक टक्के भरलेला राहिला तरच दुसरा लाव असं सांगता येतं. मोठी फाइल जाताना आपोआप १२८ होतं, फाइल गेली की परत ६४.

रेषा_माप

मंडळी, लाइन लागली! लाइनमन भला माणूस निघाला, डीपीपासून नवीन वायर टाकली, जिन्यातली जुनी सगळी ओढून काढली. एनटी प्लस मिळाला. सुरुवातीला हिरवा दिवा स्थिर पण कॉलच लागेना, राउटरच्या लॉगमध्ये कॉज ५७ असं यायचं. हबवाल्यांना फोन केला, ते म्हणाले ५७ म्हणजे ही सेवा तुमच्या नंबरला उघडलेली नाही, एक्स्चेंजात आवाजाचं उघडलंय, डेटाचं राहिलंय. तिथे जाऊन एवढा आकडा सांगितला आणि संध्याकाळपर्यंत चालू. काल जर्मनीला ९ एमबीची फाइल गेली, १२८ वर, साधारण चौदा मिनिटांत, आणि मधल्या वेळात त्याच लाइनवर पुण्याचा फोन आला, राउटरने एक चॅनेल सोडला, मी बोललो आणि फाइल थांबली नाही. ऑफिसात सगळे त्या डब्याकडे बघत होते.

पण एक विचित्र आहे. रात्री ऑफिस बंद असताना लॉगमध्ये कॉल दिसतायत, एक वाजता, सव्वा वाजता, दीड वाजता, सकाळपर्यंत. एकच मशीन चालू असतं, ज्यावर प्लॉटरचं काम रात्री लावून जातो. त्यावर मेलसुद्धा नाहीये.

हबवाला

हे मी जवळजवळ प्रत्येक ऑफिसात बघतो. ते मशीन विंडोजचं आहे. विंडोज शेजारच्या मशीनांची नावं शोधत राहतं, नेटबायॉस. आतल्या आत सापडलं नाही की तेच नाव डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतं, आणि तुमचा डीएनएस आहे आयएसपीकडे, म्हणजे बाहेर. राउटरला काय, बाहेर जाणारं पॅकेट दिसलं, लावला फोन. पाच सेकंदांचं काम, पूर्ण पल्सचे पैसे. काकांनी म्हटलं ना गुपचूप, ते हेच.

राउटरच्या फिल्टरमध्ये १३७ ते १३९ हे पोर्ट बाहेर जाऊ देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही, बरेच लोक इथेच थांबतात. हा प्रश्न १३७ पोर्टवरून निघून डीएनएसच्या ५३ वर जातो, म्हणून सोर्स १३७, डेस्टिनेशन ५३ असा वेगळा नियम लिहा, खऱ्या डीएनएसला हात लावू नका. मग बघा.

जमाखर्च

आमच्याकडे ह्याशिवाय याहू मेसेंजर आणि अँटिव्हायरसचं अपडेट निघालं. मेसेंजर उघडा राहिला की लाइन सोडूच देत नाही, दर थोड्या वेळाने काहीतरी पाठवत राहतो. आणि राउटरला वेळेचं बंधन घालता येतं, रात्री आठ ते सकाळी नऊ डायल बंद. आम्ही तेच केलंय, शिवाय महिन्याला एकदा लॉग आणि बिल शेजारी ठेवून बघते, हिशेबाचा धंदाच आहे आमचा.

रेषा_माप

नियम टाकला, रात्रीचे कॉल बंद! वेळेचं बंधन मात्र घालू शकत नाही, जर्मनीवाले आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहेत, त्यांचं दुपारचं काम आपल्याकडे रात्री येतं. रात्री फक्त मेलच्या मशीनला परवानगी ठेवली आहे. काका, हबवाले, ताई, इंदूरचे भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. मेहुण्याला राउटर नको, चॉकलेट आण म्हणून सांगितलं.

वाघोडिया_रोड

धागा पूर्ण वाचला, फार उपयोग झाला. आमचं वर्कशॉप एक्स्चेंजपासून बरंच लांब आहे, आम्हाला मिळेल का?

तारखांब

तारेच्या लांबीवर आहे, रस्त्याच्या अंतरावर नाही. चांगल्या तांब्यावर साधारण पाच किलोमीटरपर्यंत चालतं, तार बारीक असेल किंवा जोड जास्त असतील तर त्याच्या आतच दम तोडतं. आणि केबल कधीच सरळ जात नाही, एक्स्चेंजातून कॅबिनेट, तिथून पिलर, मग डीपी, असं फिरत येते. अर्ज द्यायच्या आधी तुमच्या लाइनमनला पिलर नंबर आणि डीपी नंबर विचारून ठेवा, आणि फिजिबिलिटी (लाइन जमेल का ते) मागताना जोडीचा लूप रेझिस्टन्स आणि इन्सुलेशन मोजायला सांगा. ते दोन आकडे मिळाले की इथे टाका, मी बघून सांगतो.